दोन देशांचा विमानतळ आणि उतारावरच्या द्राक्षबागा

बासेलच्या विमानतळावर सामान ताब्यात घेतलं की बाहेर पडायचे दोन मार्ग दिसतात. एक फ्रान्सकडे जातो, दुसरा स्वित्झर्लंडकडे. इमारत एकच आणि धावपट्ट्याही दोघांच्या सामाईक. विमानतळाची सगळी जमीन फ्रान्सची, सँ-लुई या गावाला लागून असलेली. तरीही त्याचा एक भाग स्विस सीमाशुल्क खात्याच्या कक्षेत येतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर बासेल शहराला मोठा विमानतळ हवा होता, पण तेवढी सपाट जागा शहराच्या हद्दीत नव्हती. फ्रान्सकडे जागा होती, पैसा नव्हता. फ्रान्सने जमीन द्यायची आणि बांधकामाचा खर्च स्वित्झर्लंडने करायचा असं ठरलं. 1946 मध्ये पहिली विमानं उतरली आणि 1949 मध्ये दोन्ही देशांनी रीतसर करार केला. आज या विमानतळाला बासेल, म्युलूझ आणि युरोएअरपोर्ट अशा तीन नावांनी तीन वेगवेगळे संकेत आहेत.

फ्रान्सच्या अल्सास या प्रदेशातल्या द्राक्षबागा पाहायला निघालेल्या माणसासाठी हा इतिहास फार व्यवहाराचा आहे, कारण गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे काउंटर दोन्ही बाजूंना आहेत. एकाच कंपनीचा एक काउंटर फ्रेंच बाजूला असतो आणि दुसरा स्विस बाजूला. आरक्षण करताना नुसतं ‘बासेल’ निवडलं तर बहुतेकदा स्विस गाडी मिळते. तिचं भाडं स्विस फ्रँकमध्ये, क्रमांकाची पाटी स्विस आणि काचेवर स्विस महामार्गाच्या वार्षिक कराची चिठ्ठी. त्या बाजूने बाहेर पडलं की दोन्हीकडून कुंपण घातलेल्या सीमाशुल्क रस्त्याने थेट बासेल शहरात पोहोचता, आणि तिथून पुन्हा सीमा ओलांडून फ्रान्समध्ये यावं लागतं. बर्न किंवा झुरिककडे जायचं असेल तर ही सोयीची गोष्ट. पण अल्सासमधल्या कोल्मार शहराला जायचं असेल तर आरक्षणातच ‘फ्रेंच विभाग’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे ना हे पाहावं. त्या बाजूने निघालं की काही मिनिटांत ए-35 हा महामार्ग लागतो आणि साधारण 60 किलोमीटरवर कोल्मार येतं. या रस्त्याला मोटारींना टोल नाही. फ्रान्सच्या बहुतेक मोठ्या महामार्गांवर शिरताना तिकीट घ्यायचं आणि उतरताना पैसे भरायचे अशी रीत असते. अल्सासच्या सपाटीवरून उत्तर-दक्षिण जाताना ती भानगड नसते. गाडी ज्या बाजूने घेतली त्याच बाजूला परत द्यायची, हेही पक्कं लक्षात ठेवावं. दुसऱ्या बाजूला नेऊन सोडली तर वेगळा आकार पडू शकतो.

काउंटरवर तीन गोष्टी मागतात. पासपोर्ट, भारतातला मूळ परवाना आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. हा शेवटचा आपल्या आरटीओकडूनच मिळतो, एक वर्ष चालतो, आणि मूळ परवान्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो. दोन्ही जवळ हवेत. चौथी गोष्ट म्हणजे क्रेडिट कार्ड. ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याच नावाचं कार्ड लागतं, नवऱ्याच्या नावाची गाडी आणि बायकोचं कार्ड असं चालत नाही. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी नाकारतात. गाडीला काही झालं तर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च ग्राहकाने सोसायचा असतो, आणि तेवढी रक्कम, कधी त्याहून अधिक, कार्डावर अडकवून ठेवली जाते. काउंटरवरचा माणूस जास्तीचा विमा घ्या म्हणतो तो ही रक्कम कमी करण्यासाठी. घ्यावा की नाही हे घरूनच ठरवून निघावं. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, मागे रांग उभी असताना, तो निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही.

माझा आग्रह दोन बाबतींत आहे. गाडी लहान घ्यावी आणि स्वयंचलित गिअरची घ्यावी. फ्रान्समध्ये हाताने गिअर बदलायच्या गाड्या अजूनही खूप आहेत आणि त्या स्वस्त पडतात. पण तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं असतं, चालक डावीकडे बसतो आणि गिअरचा दांडा उजव्या हाताला येतो. पुण्या-मुंबईत वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा डावा हात पहिले दोन दिवस दरवाज्यावर आपटत राहतो. तेवढं लक्ष रस्त्यावर लागलेलं बरं. लहान गाडीचं कारण मात्र अल्सासच्या गावांत शिरल्यावर कळतं. तटबंदीच्या आतल्या गल्ल्या बैलगाड्यांच्या काळात आखलेल्या आहेत आणि घरांचे वरचे मजले रस्त्यावर झुकलेले आहेत.

निघण्यापूर्वी गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढावा. चाकांच्या कडा आणि पुढची काच विसरू नये. इंधन कोणतं हे टाकीच्या झाकणावर पाहावं. तिथल्या पंपावर ‘गाझोल’ लिहिलेलं असतं ते डिझेल. खुणाही ठरलेल्या आहेत: पेट्रोलच्या नळीवर वर्तुळ, डिझेलच्या नळीवर चौकोन. रविवारी आणि रात्री पुष्कळ पंपांवर माणूस नसतो, पिन टाकून कार्डाने पैसे भरावे लागतात.

नियमांपैकी दोन असे आहेत की ते आपल्याकडच्या सवयीत बसत नाहीत. गावाच्या नावाची पाटी हीच वेगमर्यादेची पाटी असते. लाल चौकटीत गावाचं नाव दिसलं की तिथून ताशी 50 किलोमीटर, वेगळा आकडा लिहिलेला असो वा नसो. त्याच नावावर तिरकी लाल रेघ दिसली की गाव संपलं. गावाबाहेरच्या साध्या दुहेरी रस्त्यावर 2018 पासून सर्वसाधारण मर्यादा 80 ची आहे. काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर ती पुन्हा 90 केली आहे, म्हणून पाट्या वाचाव्यात. दुसरा नियम उजवीकडून येणाऱ्याचा. चौकात कसलीच खूण नसेल तर उजव्या बाजूच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही अरुंद असो आणि आपण कितीही मोठ्या रस्त्यावर असू. पिवळा चौकोन कोनावर उभा केलेली पाटी असेल तर हक्क आपला. त्यावर काळी रेघ असेल तर तो संपला. अल्सासच्या जुन्या गावांत हा नियम क्षणोक्षणी लागतो, कारण प्रत्येक बोळातून एखादा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बाहेर येत असतो. द्राक्षतोडणीच्या दिवसांत तर त्यांची रांगच लागते.

आता त्या रस्त्याकडे. ‘अल्सासचा वाइनमार्ग’ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता उत्तरेला मार्लेनहाइमपासून दक्षिणेला थानपर्यंत सुमारे 170 किलोमीटर जातो. तो एक सलग रस्ता नाही. जुने जिल्हा रस्ते आणि गावांतल्या वाटा जोडून, तपकिरी पाट्या लावून तो तयार केला आहे. 1953 च्या मे महिन्यात मोटारींचे दोन ताफे एकाच वेळी दोन टोकांहून निघाले आणि मार्गाचं उद्घाटन झालं. म्हणजे हा मार्ग जन्मापासूनच मोटारीसाठी आहे. पण त्या वर्षी तो का आखला गेला, हे जाणून घेतल्याशिवाय तिथली गावं नीट दिसत नाहीत.

1870 मध्ये इथे जन्मलेला आणि पंच्याहत्तरी गाठलेला माणूस घर न सोडता चार वेळा देश बदलून बसला. 1871 मध्ये अल्सास जर्मनीकडे गेलं, 1918 मध्ये फ्रान्सकडे आलं, 1940 मध्ये पुन्हा जर्मनीने बळकावलं, आणि युद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रान्सकडे. शेवटची लढाई याच द्राक्षबागांत झाली. 1944-45 च्या हिवाळ्यात कोल्मारभोवती जर्मन सैन्याचा वेढलेला तुकडा महिनोन् महिने टिकून होता, आणि आमरश्वीर, बेनवीर, मित्तेलवीर, सिगोल्सहाइम ही गावं तोफांनी जवळजवळ भुईसपाट झाली. पर्यटकांच्या छायाचित्रांत रिकवीर आणि एगिसाइम येतात, कारण ती वाचली. त्यांच्या शेजारची गावं साधी, सरळ भिंतींची, पन्नाशीच्या दशकातल्या घरांची आहेत. त्यांतून लोक न थांबता पुढे जातात. मला वाटतं, थांबायला हवं. सिगोल्सहाइमच्या वरच्या टेकडीवर, भोवताली द्राक्षांच्या ओळी असलेलं, फ्रेंच सैनिकांचं स्मशान आहे. तिथे सुमारे 1,600 थडगी आहेत आणि त्यांत उत्तर आफ्रिकेतून आणलेल्या मुसलमान सैनिकांची शेकडो थडगी मक्केकडे तोंड करून आहेत. खाली पाहिलं तर वाइनमार्ग दिसतो. युद्ध संपून आठ वर्षांनी, पडलेली गावं नुकती उभी राहत असताना, या लोकांनी आपल्या वाइनसाठी रस्ता आखला आणि लोकांना बोलावलं. त्यानंतर 1962 मध्ये अल्सासच्या वाइनला नियंत्रित नावाचा दर्जा मिळाला, आणि 1972 पासून ती अल्सासमध्येच, उंच सडपातळ बाटलीतच भरली पाहिजे असा कायदा झाला.

इथे द्राक्षं पिकतात ती डोंगरामुळे. पश्चिमेला वोज पर्वतरांग आहे. तिचं सर्वांत उंच शिखर 1,424 मीटर. अटलांटिककडून येणारे ढग पश्चिमेच्या उतारावर रिकामे होतात आणि पूर्वेच्या पायथ्याशी कोरडी हवा उतरते. महाबळेश्वर आणि फलटण यांच्यामध्ये सह्याद्री जे करतो तेच इथे वोज करतो. शिखरांवर वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि काही कोसांवरच्या कोल्मारमध्ये 600 मिलिमीटरच्या आतबाहेर. फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांत त्याची गणना होते. द्राक्षबागा साधारण 200 ते 400 मीटर उंचीच्या पट्ट्यात आहेत, सपाटीच्या वर आणि जंगलाच्या खाली. शरद ऋतूतलं ऊन लांबतं आणि पावसाची भीती कमी असते, म्हणून घड वेलीवर उशिरापर्यंत ठेवता येतात. अल्सासची ती सुप्रसिद्ध उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन या हवामानाची देणगी आहे.

जमिनीची गोष्ट त्याहून नवलाची. वोज आणि ऱ्हाइनपलीकडचा जर्मनीतला ब्लॅक फॉरेस्ट हे कोट्यवधी वर्षांपूर्वी एकच डोंगर होते. मधला भाग खचला, त्यात ऱ्हाइनची सपाटी तयार झाली, आणि खचताना कडेच्या थरांचे तुकडे झाले. म्हणून पायथ्याच्या या चिंचोळ्या पट्ट्यात ग्रॅनाइट, चुनखडी, वालुकाश्म, चिकणमाती असे थर एकमेकांना खेटून वर आले आहेत. दक्षिण टोकाला, थानच्या रांगेन नावाच्या अतिशय चढ्या उतारावर ज्वालामुखीचा खडकसुद्धा आहे. एकाच गावात, रस्त्याच्या दोन बाजूंना, पूर्ण वेगळी माती सापडते. तिथल्या 51 निवडक उतारांना ‘ग्राँ क्र्यू’ हा वरचा दर्जा दिला आहे. त्यांतला पहिला, 1975 मध्ये मान मिळालेला, कायझरबर्गजवळचा श्लॉसबर्ग, ग्रॅनाइटचा.

हे सगळं गाडीतून दिसत नाही. प्रवाशाने गाडी घेतली की त्याच्या मनात पहिला मोह येतो तो 170 किलोमीटर दोन दिवसांत ‘करून टाकण्याचा’. मार्ग मोटारीसाठी आखला असला तरी त्याचा खरा विषय रस्त्याच्या वर, उतारावर आहे. गाडीचं काम बस आणि रेल्वे जिथे दिवसातून मोजक्या वेळा जातात त्या गावाच्या वेशीपर्यंत पोहोचवण्याचं. कोल्मार रेल्वेने गाठता येतं, सेलेस्ताही येतं; पण उनाव्हीर किंवा आमरश्वीरला स्वतःच्या वेळेने जायचं तर गाडी लागते. तिथे वेशीबाहेरच्या मैदानात ती उभी करावी आणि चालायला लागावं. गावागावांतून द्राक्षबागांत जाणाऱ्या खुणा केलेल्या पायवाटा आहेत, वाटेवर कोणती जात लावली आहे याचे फलक आहेत. कायझरबर्गहून श्लॉसबर्गच्या उतारावर चढलं की पायाखाली भुसभुशीत, दाणेदार माती येते. रिकवीरच्या वरच्या शोनेनबुर्ग नावाच्या उतारावर तीच चाल जड, चिकट मातीतून होते. दोन्हीकडे जात रीसलिंग. संध्याकाळी दोन्ही पेले शेजारी ठेवून पाहिले की श्लॉसबर्गची वाइन हलकी आणि सरळ लागते, शोनेनबुर्गची भरीव आणि उशिरा खुलणारी. पायांना जे कळलं ते जिभेला ओळखता येतं, आणि यासाठी कोणत्याही पुस्तकी ज्ञानाची गरज नसते.

नाशिक-दिंडोरीकडच्या वाचकाला तिथे एक गोष्ट चटकन जाणवेल. आपल्याकडे वेल कधी पूर्ण झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहार छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. अल्सासमध्ये हिवाळा वेलीला झोपवतो. छाटणी एकदाच, त्या झोपेत, राखलेली काडी कमानीसारखी वाकवून तारेला बांधतात, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पण खुंटावर कलम करण्याची पद्धत दोन्हीकडे आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने युरोपभरच्या बागांची मुळं खाल्ली, तेव्हा उपाय सापडला तो अमेरिकी खुंटांवर युरोपी जाती बांधण्याचा. नाशिकच्या बागेतला डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच.

वाइन चाखायला जाणं म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या कुटुंबाच्या घरी जाणं. अल्सासमध्ये अशी घरं पिढ्यान् पिढ्या वाइन करत आहेत. रिबोव्हिलेचं त्रिंबाक घराणं 1626 पासून आणि रिकवीरचं ह्युगेल घराणं 1639 पासून. मोठ्या घरांकडे वेळ ठरवून जावं. लहान घरांत दारावर पाटी असते, घंटा वाजवली की कोणीतरी शेतातले बूट घालूनच बाहेर येतं. दुपारी 12 ते 2 मात्र जाऊ नये; तो जेवणाचा वेळ आणि तिथे तो पवित्र मानतात. आत शिरल्यावर ‘बाँझूर’ म्हणणं ही नुसती रीत नाही, ते न म्हणता प्रश्न विचारला तर संभाषण सुरूच होत नाही. चाखायचा क्रम ते स्वतः ठरवतात: आधी सिल्वानेर किंवा पिनो ब्लाँ, मग रीसलिंग, मग पिनो ग्री, शेवटी सुगंधी गेवुर्त्स्ट्रामिनर. वाइन कोरडी की गोड याचा पूर्वी बाटलीवरून पत्ता लागत नसे. 2021 च्या पिकापासून ते लेबलवर लिहिणं बंधनकारक केलं आहे.

चाखण्याच्या टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं. वाइन तोंडात घोळवायची आणि त्यात थुंकायची. आपल्याकडच्या माणसाला हे अवघड जातं, समोर बनवणारा उभा असताना त्याचा अपमान होईल असं वाटतं. तसं नाही. तो स्वतः दिवसभर तेच करतो. गाडी चालवणाऱ्याने तर ते केलंच पाहिजे. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर 0.2 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ शून्य. 0.8 च्या वर गेलं की तो फौजदारी गुन्हा ठरतो. आणि नशेत अपघात झाला तर काउंटरवर घेतलेला जास्तीचा विमासुद्धा कामाला येत नाही. मी तर म्हणेन की ज्याच्या हातात चावी आहे त्याने त्या दिवशी गिळूच नये. त्याची वेळ संध्याकाळी येते, जर मुक्काम तळघरापासून चालत जाण्याइतका जवळ असेल तर. म्हणून रोज हॉटेल बदलण्यापेक्षा एकाच गावात चार-पाच रात्री राहावं आणि दिवसाला दोनच घरांना भेट द्यावी.

जेवणाबाबत शाकाहारी वाचकांना एक सूचना. इथला पातळ, कुरकुरीत फ्लामक्युश दिसायला निरुपद्रवी असतो, पण मूळ पाककृतीत साय आणि कांद्याबरोबर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. ‘साँ लार्दाँ’, म्हणजे त्या तुकड्यांशिवाय, असं मागितलं की बरेच ठिकाणी करून देतात. आणि डोक्यावरच्या छपरांकडेही पाहावं. करकोचा हे अल्सासचं लाडकं पाखरू, आणि 1970 च्या दशकात त्यांच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जोड्या उरल्या होत्या. उनाव्हीरला त्यांच्यासाठी केंद्र सुरू झालं, पक्षी पाळून सोडले गेले, आणि आज मार्चमध्ये गेलात तर चर्चच्या कळसावर चोचींचा खटखटाट ऐकू येतो. हिवाळ्यात मात्र 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात डोंगराळ भागातल्या अनेक गावांत गाडीला हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या असतात. वोजच्या घाटात जायचं असेल तर काउंटरवर आधी विचारावं.

परतताना बाटल्यांचा हिशेब. भारतात येणाऱ्या प्रत्येक प्रौढाला 2 लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. नेहमीची बाटली 750 मिलिलिटरची, म्हणजे दोन बाटल्या आणि वर अर्धा लिटर. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन अनेक घरं 500 मिलिलिटरच्या बाटलीतही भरतात, त्यामुळे एक श्लॉसबर्ग, एक शोनेनबुर्ग आणि ती लहान बाटली असा संच बरोबर बसतो. त्या सामानात टाकायच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध गुंडाळाव्यात. हातातल्या बॅगेत घेतल्या तर सुरक्षा तपासणीत काढून ठेवाव्या लागतात.